त्वचारोगाचे पथ्य : जुन्या ग्रंथांत आणि आपल्या घरांत

मंडळी, घरात कुणाच्या हातावर किंवा पायाच्या घोट्यावर इसब उठले, ते चिघळू लागले, रात्री खाजवून खाजवून झोप उडाली, की पहिली आफत येते ती त्याच्या ताटावर. "वांगं बंद कर." "दही नको." "मासळीचं नाव काढू नकोस." शेजारच्या आजी येतात, त्या गूळ बंद करतात. मामा तालुक्याहून येतात, ते मीठ बंद करतात. पंधरा दिवसांत त्या बिचाऱ्याच्या पुढ्यात कोरडी भाकरी आणि पाणीदार वरण एवढेच उरते. इसब मात्र आहे तिथेच असते. हे सगळे सांगितले कुणी, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : "आयुर्वेदातच आहे तसं!"

आयुर्वेदात खरोखर काय आहे, ते आज आपण पाहू. त्यासाठी थोडे मागे जायला हवे, म्हणजे निदान सतरा-अठराशे वर्षे.

चरकसंहिता हा ग्रंथ एका हाताचा नाही. मूळ रचना अग्निवेशाची, तिच्यावर संस्कार चरकाचा, आणि पुढे अपुरा राहिलेला भाग भरून काढला तो दृढबलाने. या ग्रंथाच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय 'कुष्ठा'चा आहे. शिक्षक बंधुभगिनींनी इथे थोडे थांबावे, कारण पुष्कळसा घोटाळा या एका शब्दातून झाला आहे. आज आपण कुष्ठ म्हणतो तेव्हा महारोग समजतो. चरकाच्या ग्रंथात तसे नाही. तिथे कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात मोठे आणि अकरा लहान. त्यांत दद्रु आहे, म्हणजे आपले गजकर्ण. पामा आहे, म्हणजे खरजेच्या जातीचा रोग. सिध्म आहे, त्याला आपण शिबे म्हणतो. विचर्चिका आहे, तिचे वर्णन इसबाच्या जवळ जाते. किटिभ नावाचा खरखरीत काळपट चट्ट्यांचा प्रकार आहे, त्याची तुलना आजचे वैद्य सोरायसिसशी करतात. कोडाचा, म्हणजे श्वित्राचा, विचार त्याच अध्यायाच्या शेवटी वेगळा केला आहे. थोडक्यात, कातडीचे जे जे म्हणून चिवट दुखणे, ते सारे एका छपराखाली.

एका छपराखाली आले म्हणून एकाची बदनामी सगळ्यांना चिकटली. पायावर साधे इसब असलेल्या मुलीचे लग्न अडते, ते एका शब्दाच्या सावलीमुळे. आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. कुष्ठाची कारणे सांगताना खाण्यापिण्याच्या चुकांबरोबर वडीलधाऱ्यांचा अपमान आणि पापकर्म हीही कारणे ग्रंथाने घातली आहेत. ग्रंथ जुना आहे आणि थोर आहे, म्हणून त्याचे हे वाक्य आपण डोक्यावर घ्यावे असे मला वाटत नाही. रोग्याला आधीच खाज असते. तिच्यावर पापाची भर कशाला?

आता त्या प्रसिद्ध यादीकडे वळू. नवे धान्य, दही, मासे, फार मीठ, फार आंबट, उडीद, मुळा, पिठाचे जड पदार्थ, तीळ, दूध, गूळ. शिवाय ओकारीचा वेग दाबणे, पहिले अन्न जिरण्याआधी दुसरे खाणे, भरपेट जेवून उन्हात किंवा कष्टाला जाणे, उन्हातून घामाघूम येऊन एकदम गार पाण्यात शिरणे, जेवून दिवसा झोपणे. यादी लांब आहे. वांग्याचे नाव तिच्यात नाही! आपल्याकडे ज्या भाजीला सगळ्यात आधी शिक्षा होते, ती चरकाच्या या यादीत आरोपीसुद्धा नाही.

पण यादीपेक्षा महत्त्वाचे आहेत तिच्याभोवतीचे शब्द. निदानस्थानात हाच विषय येतो, तिथे मध, काकवी, मासे, मुळा वगैरे सांगताना 'सतत' आणि 'अतिमात्र' हे दोन शब्द जोडलेले आहेत. नेहमी आणि फार. सणाला खाल्लेला मुळा आणि चार महिने रोज खाल्लेला मुळा यांत ग्रंथकाराने फरक केला आहे. आपण घरी यादी पाठ केली, हे दोन शब्द गाळले.

दूध आणि मासे यांचा किस्सा तर फारच बोधक आहे. दूध-मासे एकत्र खाल्ले की कोड फुटते, ही समजूत कोकणापासून वऱ्हाडापर्यंत सगळीकडे आहे. तिचे मूळ चरकाच्या सूत्रस्थानात, विरुद्ध आहाराच्या प्रकरणात सापडते. आता गंमत पाहा. तिथे आत्रेय गुरू सांगतात, की मासे दुधाबरोबर खाऊ नयेत. लगेच भद्रकाप्य नावाचे ऋषी उठतात आणि म्हणतात, की सगळेच मासे दुधाबरोबर चालतील, फक्त चिलिचिम नावाचा एक मासा सोडून. आत्रेय म्हणतात, नाही. म्हणजे ज्या गोष्टीला आपण दगडावरची रेघ समजतो, तिच्यावर ऋषींच्या सभेतच वाद झाला होता, आणि ग्रंथकाराने तो प्रांजळपणे लिहूनही ठेवला. शिवाय त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे, की ज्याला सवय आहे, जो थोडेच खातो, ज्याचा जठराग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, कष्ट करणारा आणि बळकट आहे, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही. आजचे शास्त्र सांगते, की कोड हे शरीराच्या संरक्षक शक्तीने आपल्याच रंगपेशींवर उलटल्यामुळे होते. दूध-मासळीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते एकाचे दुसऱ्याला लागतही नाही. तरीही ज्यांच्या घरी दूध आणि मासे एकत्र न खाण्याची रीत आहे, त्यांनी ती खुशाल पाळावी, त्यात तोटा काही नाही. तोटा होतो तो कोड उठलेल्या पोराला "लपून खाल्लंस ना?" म्हणून दटावण्यात.

मग पथ्य म्हणजे काय? चरकाने या शब्दाची फोड केली आहे, ती मला फार आवडते. पथ म्हणजे वाट. शरीराच्या वाटांना जे बाधत नाही आणि जे मनालाही रुचते, ते पथ्य. मनाला रुचते! आपण तर पथ्य म्हटले की तोंड वाकडे करण्याजोगे काहीतरी समजतो. आणि पुढे लगेच सांगितले आहे, की पथ्य-अपथ्य हे कायमचे ठरलेले नसते. किती खाल्ले, केव्हा खाल्ले, कसे शिजवले, प्रदेश कोणता, शरीर कोणाचे आणि दोष कोणता, यांवर ते बदलते. म्हणजे एका रोग्याची यादी दुसऱ्याला देताच येत नाही. शेजारच्या आजींची यादी इथेच बाद होते, आजींचा मान राखून.

कुष्ठाच्या रोग्याने खावे काय, तेही दिले आहे. हलके अन्न, कडू भाज्या, जुने धान्य, मूग, पडवळ, त्रिफळा आणि कडुनिंब घालून सिद्ध केलेले अन्न व तूप, आणि खाणाऱ्यांसाठी रानातल्या जनावरांचे मांस. जड, आंबट, दही-दूध, पाणथळ जागेतल्या प्राण्यांचे मांस, मासे, गूळ, तीळ हे टाळावे. यांतले 'जुने धान्य' आपल्या बायकांना सांगायला नको. नवा तांदूळ जड म्हणून वर्षाचा जुना तांदूळ आजाऱ्यासाठी बाजूला ठेवण्याची चाल घरोघर होती. पाडव्याला कडुनिंबाची पाने खातो, तो याच कडू रसाचा मान. आणि सगळ्या कुष्ठनाशक द्रव्यांत पहिला मान चरकाने दिला आहे खदिराला, म्हणजे आपल्या खैराला. पिण्यात खैर, स्नानात खैर, लेपात खैर. ज्या खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून कातकरी समाजाचे नाव पडले, तोच हा खैर.

पण एक ध्यानात घ्या. त्या अध्यायात पथ्याचा भाग थोडा आहे. मोठा भाग आहे शोधनाचा, लेपांचा, तुपांचा, आसवांचा. पथ्य हे औषधाचा सोबती म्हणून येते. केवळ ताटातले चार पदार्थ काढून रोग जाईल, असे चरकाने म्हटलेले नाही. सुश्रुताचेही तसेच. त्याने तर दोन गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांचा आजही अचंबा वाटतो. एक, कुष्ठ हा संसर्गाने, म्हणजे अंगाला अंग लागून, एका अंथरुणात निजून, एकमेकांचे कपडे वापरून पसरणाऱ्या रोगांत त्याने घातला. दुसरी, पश्चिम समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढणाऱ्या तुवरक वृक्षाचे तेल त्याने या रोगावर सांगितले. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपलीच बाजू; सह्याद्रीच्या उतरणीवर हे झाड अजून आढळते. याच्याच जातीतल्या चालमोगऱ्याचे तेल १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी पाश्चात्य वैद्यकापुढे मांडले, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे जगभर महारोगावर तेच मुख्य औषध होते.

मग हे सारे तारतम्य गेले कुठे? मला वाटते, ते वाटेत सांडले. लोलिंबराजासारख्या कवी-वैद्याने 'वैद्यजीवन' लिहिले, त्यात पथ्य पाळणाऱ्याला औषधाची गरज काय आणि न पाळणाऱ्याला औषधाचा उपयोग काय, अशा अर्थाचा श्लोक आहे. श्लोक चटकदार, तो तोंडोतोंडी झाला. चरकाची अटींची लांब वाक्ये तोंडोतोंडी होणारी नव्हती. पुढे छापखाने आले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली मुंबईत वाग्भटाचे अष्टांगहृदय संशोधून प्रसिद्ध केले, ही केवढी मोठी कामगिरी! शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद मराठीत आणला आणि १९०७ साली नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवून आयुर्वेद महामंडळाचा पाया घातला. या थोर मंडळींनी ग्रंथ पोचवले. पण ग्रंथामागून निघाल्या त्या पंचांगाच्या पाठच्या पानावरच्या याद्या आणि औषधाच्या बाटलीबरोबरचे पत्रक. पत्रकावर जागा किती असणार? 'अपथ्य : दही, मासे, गूळ, तीळ', एवढीच. किती, केव्हा, कोणाला, हे छापायला जागा उरली नाही.

या सांडलवंडीची खरी किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली.

पहिले ठिकाण महारोगाचे. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी या रोगाचे जंतू पाहिले. म्हणजे हा रोग पापाचा नाही, रक्त बिघडल्याचा नाही आणि अपथ्याचाही नाही, हे कळून दीडशे वर्षे होऊन गेली. तरी १८९८ सालच्या कायद्याने रोग्यांना उचलून कोंडून ठेवता येत असे. केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो पूर्णपणे गेला २०१६ साली. आपल्या महाराष्ट्रात १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी रोग्यांसाठी आश्रम उघडला. सेवाग्रामला परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित या रोगाने जर्जर होऊन आले, आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळीत असत. शास्त्रीबोवांसारख्या विद्वानालाही ज्या रोगाने घराबाहेर काढले, त्याच्यापुढे अडाणी माणसाची काय कथा! १९८२ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण अजूनही असे घडते, की अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो, तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "दही-मासे सोड, जाईल." वर्ष जाते. मग हाताची बोटे वाकायला लागतात. वाकलेले बोट गोळ्यांनी सरळ होत नाही हो.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक सांगतो. मुलाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर त्याला एकटे बाजूला घ्या, वर्गासमोर नव्हे. डोळे मिटायला सांगा. बॉलपेनच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावर कळत नसेल आणि बाजूच्या कातडीवर कळत असेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. कोडाच्या पांढऱ्या डागावर संवेदना शाबूत असते. तेवढ्यावरूनही पुष्कळ घरांचा जीव भांड्यात पडेल.

दुसरे ठिकाण याच्या अगदी उलट आहे. असा एक त्वचारोग आहे, की तो खरोखर अन्नामुळेच होतो. पण काही खाल्ल्यामुळे नव्हे, न खाल्ल्यामुळे. त्याचे नाव पेलाग्रा. उन्हात उघडी पडणारी कातडी, म्हणजे हात, पाय, गळा, भाजल्यासारखी काळी पडते आणि सोलते. मग जुलाब लागतात, डोके भ्रमते. अठराव्या शतकात स्पेनच्या कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो पाहिला. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसे मेली. सगळे म्हणत, हा संसर्ग आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना ते पटेना. १९१५ साली मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ होण्याच्या बोलीवर पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी सहा महिने मका, पांढरा तांदूळ, साखर, पाक असेच अन्न दिले. अकरांपैकी सहा जणांना रोग झाला. संसर्ग नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. १९३७ साली एल्वेहेम यांनी निकोटिनिक आम्ल हे त्याचे औषध असल्याचे दाखवले. ते शेंगदाण्यात, डाळीत, मांसात, मासळीत असते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या मक्याशी आपला संबंध काय? आहे. १९६० साली हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी हाच रोग दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत होतो, हे जगापुढे मांडले. ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाकडे त्यांनी बोट दाखवले. त्यावर पुढे बराच वाद झाला. ज्वारीला दोष देऊ नका, भाकरीबरोबर डाळ, दूध, थोडे शेंगदाणे असतील तर काही भय नाही. भय आहे ते भाकरीबरोबर नुसती मिरची असण्यात.

आता पहिल्या घराकडे परत चला. तिथे पंधरा दिवसांत कोरडी भाकरी आणि पाणीदार वरण उरले होते. दूध गेले, मासळी गेली, शेंगदाणे "पित्त करतात" म्हणून गेले. एका त्वचारोगासाठी केलेल्या पथ्याने माणूस दुसऱ्या त्वचारोगाच्या दारात जाऊन उभा राहतो. श्रीमंताच्या ताटातून चार पदार्थ काढले तर दहा उरतात. गरिबाच्या ताटातून दोन काढले तर काय उरते, ते तुम्हीच बघा. लहान मुलाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हे फार जपायला हवे.

म्हणून आहाराचा उपयोगच नाही, असे कुणी समजू नये. अंगाने जाड झालेल्या सोरायसिसच्या रोग्याचे वजन उतरले तर चट्टे कमी होतात, हे आजचे डॉक्टरही सांगतात, आणि 'जड, गोड, अति खाऊ नका, दारू सोडा' हे सांगताना ते चरकापासून फार लांब नसतात. काही लहान मुलांचे इसब अंडे किंवा दूध अशा एखाद्या पदार्थाने खरोखर भडकते. पण तो पदार्थ कोणता, हे ठरवायचे असते एक एक करून, डॉक्टरांच्या किंवा जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने, ठराविक दिवस बंद ठेवून आणि पुन्हा देऊन. फरक पडला नाही तर तो पदार्थ ताटात परत आला पाहिजे. आपल्याकडे गेलेला पदार्थ परत येत नाही, ही खरी अडचण. आणि खरूज, गजकर्ण यांना तर पथ्याची वाट बघायला लावूच नये. खरजेचा किडा कारल्याने मरत नाही; मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते, कपडे-अंथरुणे उकळून उन्हात घालावी लागतात.

जाता जाता दृढबलाचे एक सांगणे. त्याने भर घातलेल्या चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायात, रोज तेच तेच खाऊन किंवा चव नसल्यामुळे रोग्याला पथ्याचा वीट आला तर काय करावे, याचा विचार केला आहे. तो म्हणतो, निरनिराळ्या तऱ्हांनी रांधून ते पुन्हा आवडते करावे. रोग्याला दटावा, असे तो म्हणत नाही. काम सांगितले आहे ते स्वयंपाकघराला. तेव्हा मूग सांगितले असतील तर एक दिवस जिऱ्याची फोडणी देऊन मुगाचे कढण करा. दुसऱ्या दिवशी जुन्या तांदळाची मऊ खिचडी. पडवळात मूगडाळ घालून भाजी होते. आणि चौथ्या दिवशी रोगी वाटी बाजूला सरकवू लागला, तर त्याच मुगाची धिरडी घाला, तव्यावरून गरम गरम.